जड पाण्याचे रविवार

"तुमच्या बोअरचं पाणी फार वाईट आहे, असं ऐकलं... खरं आहे का?"

फाटकाशी स्कूटर लावून, हातात दोन रिकामे कॅन धरून उभ्या असलेल्या त्या तरुणानं हे इतक्या आशेनं विचारलं, की योगिनी क्षणभर बघतच राहिली. ती नुकतीच न्हाऊन बाहेर आली होती. त्याच वाईट पाण्यानं तिच्या केसांचा पार काथ्या झाला होता आणि त्यात कंगवा अडकून बसला होता.

"वाईट म्हणजे?" ती फणकाऱ्यानं म्हणाली. "साबणाला फेस येत नाही, बादल्यांवर पांढरा थर चढतो, आणि सकाळी टाकलेली डाळ दुपारपर्यंत डोळे वटारून बघत असते. एवढं पुरे, की आणखी वाईट हवंय?"

"नाही नाही... एवढं पुरे!" तो हरखून म्हणाला. "दोन कॅन मिळतील?"

सातपूरच्या मागच्या अंगाला, शेतांचे प्लॉट पाडून झालेली ती कॉलनी. धरणाचं गोड पाणी सगळ्या नाशिकला, आणि यांच्या वाट्याला बोअर. पाहुण्याच्या हातात तांब्या देताना लोक आधी माफी मागत. आणि हा पठ्ठ्या तेच पाणी मागायला आला होता!

त्याचं नाव धनराज भोये. योगिनीचा भाऊ महेश थेटे ज्या कारखान्यात होता, तिथेच तो मशीनवर होता. डबा खाताना महेशनं घरच्या पाण्याच्या नावानं खडे फोडले, आणि याचे कान टवकारले. कारण त्याला आफ्रिकेतले मासे पाळायचे होते. त्यांचं नाव सिक्लिड. शालिमार चौकाजवळच्या माशांच्या दुकानातले यादवभाऊ मात्र ठासून 'चिचलिड' म्हणत, आणि त्यांना सुधारायची कुणाची छाती नव्हती.

"त्यांच्या सरोवराचं पाणीच जड असतं," धनराज सांगत होता. "नळाचं मऊ पाणी त्यांना मानवत नाही. तुमचं म्हणजे... अगदी त्यांच्या माहेरचं पाणी."

ज्या पाण्याला जन्मात कुणी बरं म्हटलं नव्हतं, त्याचं एवढं कौतुक! योगिनीला हसू फुटलं. केसांतला कंगवा तिनं हळूच ओढून पाठीमागे लपवला.

होळीनंतरचा तो रविवार. तेव्हापासून दर रविवारी सकाळी स्कूटर यायची. कॅन नळाखाली लागायचा, आणि तो भरेपर्यंत टाकीची खबरबात. चार फुटी काचेची टाकी. खाली थर्माकोल, नाहीतर काच तडकते. आत सुरगाण्याकडच्या त्याच्या गावच्या नदीतले काळे दगड, घासून, उकळून, एकावर एक रचलेले.

"आणि मासे?" योगिनीनं विचारलं.

"इतक्यात नाही. आधी पाणी मुरू द्यायचं. महिनाभर तरी."

"पाणी मुरतं? लोणच्यासारखं?"

"अगदी तसंच. घाई केली की सगळं नासतं..." तो तिच्याकडे बघून म्हणाला. कॅन भरून पाणी वाहू लागलं, तरी नळ बंद करायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मग दगड कमी पडले. "भारी भांडकुदळ जात," तो म्हणाला. "प्रत्येकाला स्वतःची कपार लागते." योगिनीनं मागच्या दारी पडलेला फुटका पाटा उचलून त्याच्या हातात ठेवला.

"माशांना मसाल्याचा वास येईल हां!"

"मग तर ते घर सोडायचेच नाहीत."

मासे आले. पिवळे धम्मक, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे. त्यातल्या एका पिवळीनं पाट्याखालची जागा बळकावली आणि भल्याभल्यांना हुसकून लावलं. "तुमच्यासारखीच आहे," धनराज म्हणाला, आणि योगिनीनं त्याच्यावर ओंजळभर पाणी उडवलं. त्याची आई, भागीबाई, गावाहून आली तेव्हा टाकीपुढे कितीतरी वेळ बसून राहिली आणि म्हणाली, "इतकी दगडं, इतकं पानी... आन् मासा खायाचा नाय?" हे ऐकून योगिनी दिवसभर मधूनच हसत होती.

पण हसता हसता तिला हुरहूर लागायची. ती टाकी तिनं एकदाही पाहिली नव्हती. एकट्या पुरुषाच्या भाड्याच्या खोलीवर जायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलनीत बोभाटा. आणि तोही कधी नळाच्या पुढे आला नव्हता. तिची आई सिंधुबाई त्याला चहा द्यायची, तो ओट्याखाली उभ्या उभ्या. डोंगरातल्या आदिवासी पोराला थेट्यांच्या घरात कुणी वाईट बोललं नाही. 'आत ये' असं मात्र कुणी म्हटलं नाही. योगिनीला ते टोचायचं. सोमवारी बालवाडीत मुलांना मासा काढून दाखवताना तिचा खडू पिवळाच असायचा, आणि शनिवार काही केल्या सरायचा नाही. तिचा जीव त्याच्यात गुंतला होता. तो मात्र पाण्याबद्दल, दगडांबद्दल, माशांबद्दल भरभरून बोलायचा आणि नेमक्या जागी येऊन थांबायचा.

श्रावणातल्या भुरभुरीत भिजत आला, तरी पाण्याचंच बोलला. नवरात्र संपता संपता त्यानं नवीनच सांगितलं. "पिवळीनं अंडी दिलीत, आणि उचलून तोंडात धरलीत. पिल्लं मोठी होईपर्यंत तोंड उघडायची नाही. खायचीसुद्धा नाही."

"बाई गं! इतकं तोंडात धरून राहायचं?"

"राहतात..." तो पुटपुटला, आणि त्यानं कॅनचं बूच उगाच दोनदा आवळलं.

आणि मग दिवाळीच्या तोंडावर कॉलनीत पेढे वाटले गेले. नळ येणार होते! सिंधुबाईंनी देवापुढे साखर ठेवली. वडील खंडेराव खुशीत म्हणाले, "बोअरची मोटार काढून घोटीकडच्या शेतावर नेऊ. हितं काय कामाची आता?"

सगळ्या कॉलनीत एकट्या योगिनीच्या घशात पेढा अडकला. बोअर बंद म्हणजे रविवार बंद.

दुसऱ्याच दिवशी बालवाडी सुटल्यावर तिनं यादवभाऊंचं दुकान गाठलं. "जड पाणी मिळालं नाही, तर त्या माशांचं काय होईल हो?"

"काय व्हायचंय? शिंपल्यांचा चुरा टाकायचा. नळाचं पाणी आपोआप जड होतंय," यादवभाऊ म्हणाले. "आपला भोये नाही का? त्याला मी उन्हाळ्यातच पिशवी दिली. त्याचे चिचलिड बघा, कसे ठणठणीत आहेत!"

योगिनी रस्त्यावर आली ती तरंगतच. म्हणजे पाणी हे नुसतं निमित्त होतं! पण सातपूरच्या बसमध्ये बसेपर्यंत तिला रागही आला. इतके महिने येतोस, आणि एक शब्द बोलवत नाही?

रविवारी कॅन नळाखाली लागल्यावर तिनं विचारलं, "पिवळी कशी आहे?"

"अजून तोंड मिटूनच."

"आणि यादवभाऊंनी दिलेली शिंपल्यांची पिशवी... ती फोडली का हो?"

त्याच्या हातातलं बूच खाली पडलं. 

"नाही फोडली," तो म्हणाला. "फोडली असती, तर रविवारी कुठल्या तोंडानं आलो असतो?"

हेच ऐकायला तिचे कान आसुसले होते. तरी तिनं विचारलं, "मग आता? नळ आल्यावर?"

"आमचं घर कुडाचं. आई दुसऱ्यांच्या शेतात भाताच्या आवणीला जाते. तुमचे वडील माझ्याशी बरं बोलतात, ते पाण्यापुरतं. एक पाऊल पुढं टाकलं तर... हेही जाईल."

"हे तर जाणारच आहे!" योगिनी उसळून म्हणाली. "मला तुम्ही आवडता. झालं, मी माझं तोंड उघडलं. पुढच्या रविवारी या, पण कॅन न घेता या. कॅन घेऊन आलात, तर मी बाहेर येणार नाही."

त्यानं नळ बंद केला. कॅन उचलले आणि गेला. आठवडाभर योगिनीचं कशात म्हणून लक्ष लागलं नाही. मधेच नळ आला. केस मऊसूत झाले, आणि ती आरशात बघून आणखीच खिन्न झाली.

रविवारी सिंधुबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "दोन शिट्ट्यांत डाळ लोणी झाली गं!" अंगणात खंडेराव आणि महेश पान्हे घेऊन मोटार काढायला बसले होते. तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. योगिनीनं आधी त्याचा चेहरा नाही, स्कूटरवरची पायांपुढची, कॅन ठेवायची जागा बघितली.

कॅन नव्हते.

मागच्या सीटवरून नऊवारीतली भागीबाई उतरली. धनराजच्या हातात पाण्यानं फुगवलेली एक प्लॅस्टिकची पिशवी होती.

"काय रे, कॅन इसरला का?" खंडेरावांनी विचारलं.

"नाही काका. आज पाणी न्यायला नाही आलो." त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "आणि... मी खोटं बोललो. शिंपल्यांचा चुरा टाकला की माशांना नळाचं पाणीही चालतं. मला ते उन्हाळ्यातच कळलं होतं."

"मंग इतके दिस आमचं पानी कशापायी वाहत होता?"

धनराजनं एकदा आईकडे बघितलं. "योगिनीसाठी," तो म्हणाला.

महेशच्या हातातला पान्हा तसाच राहिला. खंडेरावांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात योगिनी उभी होती, आणि तिनं नजर खाली घातली नाही. भागीबाई सावकाश म्हणाली, "माझं पोर पान्याचं खोटं बोललं, दादा. बाकी खोटं नाय त्याच्यात."

खंडेरावांनी पान्हा खाली ठेवला. त्यांचा चेहरा काही सांगेना.  मग त्यांनी हात पुसले.

"महेश, राहू दे ती मोटार आजच्या दिवस." आणि भागीबाईकडे वळून, जरा अवघडल्यासारखं, "उन्हात का उभ्या, बाई? आत या. बोलू."

भागीबाई ओट्यावर चढली. धनराजनं पिशवी योगिनीच्या हातात दिली. आत नखाएवढी पिवळी पिल्लं वळवळत होती. "परवा तोंड उघडलं तिनं," तो हलकेच म्हणाला. इतके महिने नुसतं ऐकलेलं ते पिवळं, तिच्या दोन हातांत होतं. 

धनराज सवयीनं ओट्याखालीच थांबला.

"तुला काय आवताण धाडायचं?" आतून खंडेराव खेकसले. "ये की!"

त्यानं पायरीशी चपला काढल्या आणि तो आत आला.