टेबलावरचं उघडं पेन

"म्याडम, माह्या मायनं खून नाही केला," एवढं बोलून अपेक्षा खुर्चीत बसली आणि मग तिला रडूच फुटलं.

खासगी तपास करणाऱ्या अश्लेषा ढोबळेनं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि आपला सहकारी विहंग मेश्राम याच्याकडे पाहिलं. विहंगनं मान खाली घातली. प्रकरण नागपूरच्या हुडकेश्वरचं, त्याच्या शेजारच्याच घरातलं होतं. विहंग माणूस लाखातला, पण डोकं जरा निवांत चालायचं. पाहिलेलं सगळं त्याच्या लक्षात राही. त्याचा अर्थ मात्र दुसऱ्या कुणीतरी सांगावा लागे.

परवाच्या संध्याकाळी, मे महिन्याच्या त्या जाळात, शेजारचा रजत ओरडला म्हणून तो होता तसा धावला होता. रजतचे वडील, निवृत्त शिक्षक आनंदराव, लिहायच्या टेबलाशी खुर्चीत कलंडले होते. बोटांपाशी त्यांचं जुनं काळं पेन पडलेलं, टोपण काढलेलं. कूलर बंद, पंखा मात्र गरगरत होता.

"दुपारीच गेले असणार बाबा! मी आत्ता पुण्याहून येऊन दार उघडतोय, तर हे..." रजत रडत रडत अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावत होता. त्यानं भिंतीवर लिहिलेला डॉक्टरांचा नंबर दाखवला. विहंगचा मोबाइल घरीच राहिलेला. त्यानं तेच पेन उचललं, नंबर तळहातावर खरडला आणि घराकडे पळाला.

पण आनंदराव आपल्या मरणानं गेले नव्हते. तोंडावर उशी दाबली होती, असं डॉक्टर म्हणाले. कधी, ते मात्र त्यांना सांगता येईना, कारण खोलीची भट्टी झाली होती. ओढलं की बंद होणाऱ्या त्या दाराच्या दोनच किल्ल्या बाहेर होत्या. एक रजतकडे, एक स्वयंपाक करणाऱ्या देवकीबाईंकडे, म्हणजे अपेक्षाच्या आईकडे. देवकीबाईंना दुपारी डोक्यावर पदर घेऊन निघून जाताना विहंगच्या आईनंच पाहिलं होतं. "तिचं बाबांशी भांडण व्हायचं," असं रजतनं सांगितलं, आणि पोलिसांनी त्यांना उचललं. दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटणाऱ्या बाईला उचलायला लागतं काय!

ठाणेदारांनी भेटू दिलं. देवकीबाईंचा चेहरा दोन दिवसांत उतरून गेला होता.

"सर जेवले अन् पलंगावर झोपले. मी कूलरमंदी पानी टाकलं, चालू करून देल्ला अन् गेली."

"भांडण व्हायचं?"

"रोजच व्हाये. मीठ कमी खा म्हणो मी, ते आयकत नव्हते. म्याडम, मले फाशी देतीन का वो? माही पोरगी एकटी आहे."

"नाही देणार," अश्लेषा म्हणाली खरी, पण हातात अजून काहीच नव्हतं.

तिथून दोघं गांधीबागेत गेले. कापडाचे व्यापारी ओमप्रकाश हे आनंदरावांचे पेनवेडे दोस्त. त्या काळ्या पेनासाठी ते वर्षानुवर्षं मागे लागले होते, हे विहंगला ठाऊक होतं. त्याचा संशय लगेच तिकडे धावला.

"त्या दिवशी मी गेलतो ना," ओमप्रकाशांनी न विचारताच सांगून टाकलं. "चहाच्या टाइमले. घंटी वाजवली, कोणी उघडलं नाही. झोपले असतीन म्हणून वापस आलो. दरवाजा ठोकाले पाहिजे होता, मॅडम. आता जीव तुटून राहिला."

"जुन्या पेनात असं असतं तरी काय?" अश्लेषानं विषय वळवला.

म्हातारा खुलला. त्यानं दोन पेनं समोर ठेवली. "हे जुनं, इबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं. सोन्याची निब. लिहा, असं वाटते लोण्यावर हात फिरून राहिला. पण नखरे नवरदेवाचे! उन्हाळ्यात हात तापला की शाई ओकते, अन् उघडं ठेवलं की निब सुकते. अन् हे नवं, प्लास्टिकचं, भाजीच्या भावातलं. सूरत नाही, पण काम करते बापडं. म्हणून आम्ही पेनवाले होळी झाली की जुनी पेनं धुऊन, फडक्यात गुंडाळून ठेवतो. मृगापर्यंत हात लावत नाही. हा कायदा आनंदरावांचाच, बरं का!"

"एक जुनं भरून दाखवता?"

त्यांनी कुरकुरत ड्रॉपरनं शाई भरली. भरता भरता अंगठा निळा झालाच. "घ्या! आता आठवडाभर नखातून जात नाही." अश्लेषानं पेनाचं टोपण काढून ते पंख्याखाली ठेवलं. चहा आला, चिवडा आला, गप्पा झाल्या. मग तिनं पेन कागदावर ओढलं. कागद कोराच राहिला.

"बेकार आहे," विहंग म्हणाला.

"आहे ना," अश्लेषा हसली.

हुडकेश्वरला रजत दारातच भेटला. आत एक बिल्डर टेप लावून आवार मोजत होता. रजतच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती.

"आंबा चिरताना कापलं," तो म्हणाला. "बाबा आयुष्यभर त्याच काळ्या पेनानं लिहायचे. लिहिता लिहिता गेले, तेवढंच समाधान."

"मे महिन्यात याआधी कधी आला होतात?"

"या उन्हात नागपूरला कोण येतं?"

संध्याकाळी ठाणेदारांच्या खोलीत अश्लेषानं सगळ्यांना बोलावलं.

"विहंग, त्या दिवशी नंबर लिहिताना पेन घासावं लागलं?"

"नाही. झरझर लिहिलं." त्यानं तळहात पुढे केला. निळे आकडे अजून पुसट दिसत होते. ते पाहता पाहता त्यानं आ वासला. "अरे देवा! ते तर पंख्याखाली उघडं होतं!"

"आणि तरी ओलं होतं. आनंदराव दुपारी लिहिताना गेले असते, तर निब केव्हाच सुकली असती. देवकीबाई दुपारीच गेल्या. ओमप्रकाशजी आत शिरून चहाच्या वेळी मारून गेले असते, तरी सुकलीच असती. पेन उघडलं गेलं ते विहंग यायच्या जरासं आधी. तेव्हा घरात एकच जिवंत माणूस होता."

"बाबाच लिहीत असतील तोवर!" रजत ओरडला.

"मग दुपारीच गेले, असं तुम्ही का म्हणालात? शिवाय मे महिन्यात ते जुन्या पेनाला शिवत नसत. ओमप्रकाशजींना हे माहीत होतं. देवकीबाई रोज त्या घरात होत्या, त्याही उन्हाळाभर आनंदरावांच्या हातात प्लास्टिकचंच पेन पाहत होत्या. माहीत नव्हतं ते फक्त उन्हाळ्यात कधी न येणाऱ्या मुलाला. आवार मोजणारा बिल्डर आज आम्हीही पाहिला. घर विकायला तुमचे बाबा तयार नव्हते. तुम्ही झोपेत त्यांच्या तोंडावर उशी दाबली, खुर्चीत आणून बसवलं, वेळ कळू नये म्हणून कूलर बंद केला, आणि लिहिताना गेले असं वाटावं म्हणून गुंडाळलेलं पेन शोधून भरलं. ठाणेदार साहेब, ती चिकटपट्टी काढा."

रजतनं हात मागे घेतला. हवालदारानं तो धरला. पट्टीखाली कापल्याची खूण नव्हती. नखाच्या कडेनं शाई मुरली होती.

"मला काय ठाऊक, ते कशानं लिहायचे," रजत पुटपुटला आणि खाली बसला.

देवकीबाई बाहेर आल्या. अपेक्षा गळ्यात पडली. मायलेकी बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मग देवकीबाईंनी डोळे पुसून विहंगला विचारलं, "सरायले आग कोनं देल्ली गा?"

विहंगलाच सांगावं लागलं. "रजतनं."

देवकीबाई तिथंच पायरीवर मटकन बसल्या. "ज्यानं मारलं, त्यानंच? अरे, मी बाहेर असती तं त्याले हात लावू देल्ला नसता रे!" त्या मोठ्यानं रडू लागल्या. येणारे-जाणारे थांबून पाहू लागले, आणि विहंग त्यांच्या शेजारी पायरीवर बसला.