मागांनी नेलेले आवाज

आजोबांना ट्रक ऐकू येतो, ढोल ऐकू येतो. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली तरी त्यांना कळतं. ऐकू येत नाही ती फक्त मी. माझा आवाज काही कमी नाही. वर्गात मला गप्प बसवण्यात बाईंचा निम्मा तास जातो. मग आजोबांच्या कानांचं नेमकं माझ्याशीच काय वाकडं आहे, हे कोडं मला लहानपणापासून पडलं होतं. ते सुटलं २०५३ सालच्या मे महिन्यात, इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये. सुटलं तेव्हा मला मुळीच आनंद झाला नाही.

मी मिहिका मुरदंडे. आम्ही इचलकरंजीचे. आमच्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात, कारण घरोघरी यंत्रमाग. माझे आजोबा मल्लिनाथ यांनी तीस वर्षं माग चालवले. त्यांची मुलगी, म्हणजे माझी शलाका आत्या, खऱ्या मँचेस्टरमध्ये कानाच्या पेशींवर संशोधन करते. तिच्या रुग्णालयात बहिरेपणावर एक नवा उपचार सुरू झाला होता आणि त्यासाठी तिने आजोबांना बोलावून घेतलं होतं. सोबत मी. आजोबा विमानात बसले, इथे आले, सगळ्या तपासण्या निमूटपणे करून घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मला न्हाई करायचं."

कारण विचारलं तर नुसतं खिडकीबाहेर बघायचे. गुरुवारी सकाळपर्यंत होकार कळवायचा होता, नाहीतर त्यांची जागा दुसऱ्याला जाणार होती. मी दोन दिवस त्यांच्यासमोर उभी राहून विनवण्या केल्या. समोर उभं राहावंच लागतं, कारण आजोबा ओठ वाचतात. त्यांनी माझा आवाज एकदा तरी ऐकावा, एवढंच मला हवं होतं.

बुधवारी आत्या आम्हांला एका जुन्या कापडगिरणीत घेऊन गेली. काळवंडलेल्या दगडी भिंती, शेजारून जाणारा संथ कालवा आणि धूर विसरलेली एक उंच चिमणी. एके काळी या भागातल्या गावागावांतून अशा चिमण्या होत्या. आता या गिरणीचं संग्रहालय झालं आहे. आतल्या मोठ्या दालनात शेकडो माग ओळीने उभे होते, पण चालू फक्त आठ. ते चालवायला एक यंत्रमानव होता. शेवटच्या विणकर बायकांनी म्हातारपणी त्याला काम शिकवलं होतं. त्याला रबराचे ओठ होते. मला हसू आलं. यंत्राला ओठ कशाला?

आत्याने आमच्या कानांवर जाड संरक्षक टोप्या चढवल्या आणि माग सुरू झाले. अरे बाप रे! जमीन थरथरत होती. आत्या माझ्या शेजारी काहीतरी बोलत होती, पण मला एक अक्षर ऐकू येईना. मी ओरडले, तर माझंच मला ऐकू आलं नाही. यंत्रमानव मात्र आजोबांकडे वळला आणि आवाज न काढता, ओठ मोठे हलवून आणि बोटांनी खुणा करून काहीतरी विचारू लागला. या गिरण्यांतल्या बायका दिवसभर अशाच बोलायच्या, हे आत्याने मला नंतर सांगितलं. आजोबांना इंग्रजी येत नाही. त्यांनी दोन बोटांची चिमूट धरून सोडली आणि तिसऱ्या मागाकडे हात केला. यंत्रमानव तिकडे गेला. तिथे खरंच धागा तुटला होता.

त्या गोंगाटात मी बहिरी होते आणि आजोबांचं सगळं सुरळीत चाललं होतं. मग ते माझ्याकडे वळून सावकाश ओठ हलवू लागले. मला कळेना. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी मी ओळखलं. ते म्हणत होते, "आज्जी." गेल्या वर्षी वारलेली माझी आजी मागांपाशी त्यांच्याशी अशीच नुसत्या ओठांनी बोलायची.

बाहेर कालव्याकाठी बाकावर बसल्यावर आत्याने भिंतीलगतचा गोगलगायीचा रिकामा शंख उचलला.

"आपल्या कानात आत असाच एक वेटोळा असतो, शंखिका (आवाजाचे संदेशात रूपांतर करणारा भाग). त्यात साधारण पंधरा हजार केसपेशी (डोक्यावर बारीक तंतू असलेल्या पेशी) असतात. आवाज आला की ते तंतू हलतात, पेशी मेंदूला निरोप धाडते, आणि मग आपल्याला ऐकू येतं."

"सगळ्या पेशी सारख्याच?"

"नाही. बारीक, उंच आवाज घेणाऱ्या पेशी या तोंडापाशी, आणि जाड आवाज घेणाऱ्या आत, टोकाला. मागांचा आवाज शंभर डेसिबलच्या (आवाजाची तीव्रता मोजण्याचं एकक) आसपास. असा आवाज रोज तासन्‌तास पडला की पेशी मरायला लागतात. सुरुवात होते ती तोंडाजवळच्या भागापासून. म्हणून ट्रकची घरघर आण्णांना कळते, पण तुझा बारीक आवाज घ्यायला तिथे कुणी उरलेलंच नाही."

"मग कानातलं यंत्र लावून आवाज मोठा केला तर?"

"घरात माणूसच नसेल, तर कडी कितीही जोरात वाजवून काय उपयोग?"

मी शंख हातात घेतला. माझं कोडं सुटलं होतं, आणि मला रडू येत होतं.

आत्या पुढे म्हणाली, "माणसाच्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. पक्ष्यांच्या येतात. त्यांच्या कानातल्या आधारपेशी (केसपेशींना धरून ठेवणाऱ्या शेजारच्या पेशी) जाग्या होतात आणि स्वतःच केसपेशी बनतात. माणसातही आधारपेशी आहेत, पण त्या झोपलेल्या. आमचं औषध त्यांना उठवतं. धोका आहे, उरलंसुरलं ऐकणंही जाऊ शकतं. म्हणून सुरुवातीला आम्ही एकच कान करतो."

आजोबा तिचे ओठ वाचत होते. ते एकदम म्हणाले, "धोक्याचं न्हाई गं. आपलं माग घरातच हुतं. तितंच बसून तुजी आई कांड्या (मागात बसवायच्या सुताच्या नळ्या) भरायची. मीच बसवलं तिला तितं. माज्या मागांनी तिचं कान खाल्लं. ती काय बी न ऐकता गेली, आन मी आता नवं कान घिऊन हिंडू व्हय?"

आत्याने फोनवर एक कागद काढून आजोबांसमोर धरला.

"आण्णा, ह्या उपचाराला आईनं होकार दिला हुता. दोन वर्षांमागं. पैली सही तिचीच हाय. उपचार सुरू व्हायच्या आधीच ती गेली."

खाली आजीची सही होती, एकेक अक्षर सुटं सुटं.

"मला बोलली न्हाई."

"तुमाला सांगू नको म्हणली. म्हणली, त्यांना वाटंल मी तक्रार करतीया."

आजोबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. कालव्यातून एक होडी गेली, तरी त्यांनी मान वर केली नाही.

"भ्याली न्हाई?"

"भ्याली की. तरीबी केली."

आजोबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "कुटं करायची सही?"

गुरुवारी सकाळी रुग्णालयात एक तरुण डॉक्टर निळं पेन घेऊन आला. नव्या पेशी तयार व्हायला बारा आठवडे लागतील, असं त्याने सांगितलं. रुग्णांच्या या पहिल्या तुकडीत उपचार यशस्वी झाला तर पुढच्या वेळी इचलकरंजीतल्या सत्तावीस विणकरांचे कान तपासायचे आहेत. त्यांची यादी आत्याच्या टेबलावर तयार आहे. उजव्या कानात आधारपेशी जास्त चांगल्या आहेत, तेव्हा आधी उजवा करू, असं म्हणत तो खूण करायला वाकला.

आत्याने ते आजोबांना समजावून सांगितलं. आजोबांनी उजव्या कानावर हात ठेवला आणि मान हलवली.

"न्हाई. डावा करा. हा असाच ऱ्हाऊ दे. कांड्या भरायला ती ह्याच बाजूला बसायची."