विषम तारखांचा माणूस

ल्याओ चिंगशुई बिलियर्डच्या दुकानात पहिल्यांदा आला तो अगदी निश्चिंत मनाने, आणि पुढचा सगळा घोळ त्या निश्चिंतपणामुळेच झाला.

१९७८ सालच्या जूनची एक तारीख होती. चारच दिवसांपूर्वी तो तैवानहून सैन्याच्या बोटीने किनमेन बेटावर उतरला होता. सक्तीच्या नोकरीतले शेवटचे सात महिने कुठे काढायचे याच्या चिठ्ठ्या टाकल्या गेल्या, त्यात त्याची किनमेनची निघाली. सोबत्यांनी पाठ थोपटली. एकाने त्याचं नवं घड्याळ आठवण म्हणून मागून घेतलं. बेटावर उतरल्यावर युद्धाची माहिती त्याला एका वाक्यात मिळाली: समोरच्या, मुख्य भूमीच्या किनाऱ्यावरून एक दिवस गोळे येतात, एक दिवस सुट्टी असते, वीस वर्षं असंच चाललंय. त्याने स्वतः पडताळूनही पाहिलं. एकोणतीसला आले, तीसला सुट्टी, एकतीसला आले. म्हणजे आज सुट्टी.

म्हणून त्याने केस ओले करून विंचरले, गणवेशाची बटणं लावली आणि संध्याकाळी सात वाजता वेंग बाईंच्या दुकानात येऊन टेबलावर काठी टेकवली.

दुकानातले सगळे भिंतीकडच्या स्टुलांवर दाटीवाटीने बसले होते, जमिनीतल्या एका लाकडी झाकणाजवळ. मधलं टेबल मोकळं. बेटावरचे लोक लाजाळू दिसतात, असं ल्याओला वाटलं. फळ्यावर गुण मांडणारी मुलगी, बाओचू, हातात खडू घेऊन त्याच्याकडे बघत होती. बघण्यात कौतुक आहे असा त्याचा समज झाला. तो वाकला, डोळा बारीक केला, नेम धरला...

धडाम झालं. तो सरळ उभा राहिला तेव्हा गल्ल्यामागच्या बाई सोडल्या तर दुकानात कोणी नव्हतं. सात माणसं, एक मांजर आणि दिव्याचा उजेड, सगळं नाहीसं झालं होतं. जमिनीतून फक्त एक हात वर आला, त्याच्या काठीचं टोक पकडलं आणि ओढलं. ल्याओने काठी सोडली नाही, त्यामुळे तोही काठीबरोबर खाली गेला.

खाली मिट्ट काळोख. ओल्या मातीचा आणि शेंगदाण्यांचा वास.

"आज तर सुट्टी आहे ना?" तो कुजबुजला.

"कोणाला?" शेजारून बाओचूचा आवाज आला.

"युद्धाला."

काळोखात कोणीतरी फिसकन हसलं.

"काल एकतीस होती, आज एक," ती म्हणाली. "दोन्ही विषम. समोरचे लोक विषम तारीख बघून गोळे मारतात. एक दिवसाआड नाही."

"म्हणजे मी तारीख चुकल्यामुळे मेलो असतो?"

"त्याआधी डाव हरला असतात. आता ती काठी सोडा, माझ्या बरगडीत घुसतेय."

वर आल्यावर दिसलं की धक्क्याने टेबलावरचे बॉल इकडेतिकडे झाले होते आणि ल्याओचा एक बॉल आपोआप भोकात गेला होता. भिंतीवर दुकानाचा नियम रंगवलेला होता: गोळ्यामुळे बॉल हलला तर जिथे गेला तिथे राहील, तक्रार चालणार नाही.

"म्हणजे मी जिंकलो?"

"तुम्ही नाही, समोरचे जिंकले." बाओचूने फळ्यावर गुण मांडला. "तुम्ही फक्त वाकला होतात."

बेटावर प्रत्येक घरात दोन पंचांगं असत. एक चंद्राचं, देवांसाठी; एक सूर्याचं, गोळ्यांसाठी. लग्नाचा मुहूर्त पहिल्यात शोधायचा आणि दुसऱ्यात तपासायचा. दोन्हींत बसणारा दिवस सापडेपर्यंत काही मुलींचं वय उलटून जाई. बाओचू बावीस वर्षांची होती आणि तिच्यासाठी अजून कोणी पंचांग उघडलं नव्हतं. दुकानात रोज पन्नास शिपाई येत. ते तिच्याकडे बघत, हसत, आणि वर्ष संपलं की बोटीत बसून जात. नवे पन्नास येत. माणसांनी गजबजलेल्या दुकानात इतकं एकटं राहता येतं, हे तिला दुकानातच कळलं.

"चिठ्ठीने आलेला माणूस चिठ्ठीनेच जातो," आई म्हणे. "त्याच्यात जीव अडकवायचा नाही."

आई, म्हणजे वेंग बाई, गल्ल्यामागे बसून शेंगा फोडत असे. गोळे पडू लागले तरी ती उठत नसे. बाओचूचे बाबा नऊ वर्षांपूर्वी सतरा तारखेला गेले. गोळ्यांत तेव्हा दारू कमी आणि प्रचाराची पत्रकं जास्त असायची. गोळा आकाशात फुटे, कागद तरंगत खाली येत, लोखंड मात्र सरळ येई. बाबांच्या अंगावर आलेल्या कागदांवर छापलं होतं: भावांनो, तुमची फार आठवण येते. नियमाप्रमाणे आईने पत्रकं वेचून चौकीत जमा केली. दोनशे बारा भरली. पावती मिळाली. मृत्यूचा दाखला यायला महिना लागला. तोवर नवरा गेल्याचा आईजवळ तो एवढाच कागद होता. तेव्हापासून ती खाली जायची थांबली. "ज्याला यायचंय तो छप्पर विचारून येत नाही," एवढंच म्हणे.

ल्याओ पुन्हा आला. त्याच्या तुकडीचं काम बोटींवरचा माल उतरवायचं होतं, आणि बोटी सम तारखांना येत. सुट्टी मिळे ती विषम तारखेलाच. तीनला आला, सातला आला, अकराला आला. खेळ त्याला अजिबात येत नव्हता. वर टेबलापाशी तो शब्दही बोलत नसे. आईचे डोळे शेंगांवरून न हलता सगळं बघत. पण गोळा पडला की सगळे खाली. आणि खाली, बाओचूच्या डावीकडची जागा कशी कोण जाणे, नेहमी त्याला मिळे.

"तुमच्या गावी काय करता?" एकदा तिने विचारलं.

"सोया सॉस. सीलुओ गावात सगळे तेच करतात. काळं सोयाबीन शिजवायचं, मीठ घालायचं, मातीच्या रांजणात भरायचं आणि उन्हात ठेवून द्यायचं. सहा महिने."

"आणि सहा महिने तुम्ही काय करता?"

"बघत बसतो."

"झाकण उघडून?"

"झाकण उघडायचं नाही. घाई केली की नुसतं खारट पाणी. माझे वडील रांजणाला कान लावून बसतात. आई म्हणते, माझं इतकं ऐकलं असतं तर..."

बाओचू हसली. तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला... आणि तिथेच राहिला. वर आणखी एक गोळा फुटला. तो चौथा होता. आज पाच पडले तर बरं, असं तिच्या मनात आलं, आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या अंगावर काटा आला. ज्या आवाजाने बाबा गेले त्या आवाजाची ती वाट बघत होती. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. ल्याओलाही नाही.

खाली तिसरा नेमाने असणारा माणूस म्हणजे फान काका. पन्नाशी उलटलेले हवालदार. तीस वर्षांपूर्वी हरत आलेल्या सैन्याबरोबर समुद्र ओलांडून या बेटावर आले, ते इथेच राहिले. त्यांचं गाव समोरच्याच किनाऱ्यावर होतं. हवा स्वच्छ असली की देवळाचं छप्पर दिसे. तोफाही तिथेच कुठेतरी होत्या. गोळा लांब पडला की ते समाधानाने म्हणत, "आमच्या गावच्यांना नेम कधी जमलाच नाही."

"काका, तुम्हाला परत जावंसं नाही वाटत?" ल्याओने विचारलं.

"पोहत जाईन म्हणून मी एक फुटबॉल घेतला होता. छातीशी धरायला."

"मग?"

"बेटावर चेंडूला परवाना लागतो. अर्जात कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, खेळण्यासाठी. साहेब म्हणाले, तुझं वय बघ."

काळोखात सगळे हसले. काका हसले की नाही, ते दिसलं नाही.

डिसेंबरात ईशान्येचा बोचरा वारा सुरू झाला. एका संध्याकाळी ल्याओ खाली तिच्या कानाशी म्हणाला, "माझी सुटका झाली. दोन तारखेची बोट."

बाओचूच्या हातात खडू होता, तो मोडला.

"मला काहीतरी सांगायचंय," तो म्हणाला. "पण आज धीर होत नाही... आणि सांगेन ते इथे खालीच. वर मावशींसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. एकतीसला माझा पहारा आहे. एक तारखेला सांगतो."

"एक तारखेचा तुमचा हिशोब मला माहीत आहे."

"यावेळी बरोबर आहे. एकतीस विषम, एक विषम. मी आता शिकलोय."

एक जानेवारी उजाडली. संध्याकाळी साडेसहालाच ल्याओ हजर झाला, केस ओले करून विंचरलेले. बाओचूने लाल स्वेटर घातला होता. आईने तो पाहिला आणि एक शेंग जरा जोरात फोडली. सातला सगळे स्टुलांवर, झाकणाजवळ सरकले.

सात वाजून गेले. सव्वासात.

"उशीर झाला आज," कोणीतरी म्हणालं.

"नवीन वर्ष आहे, जेवत असतील," दुसरा म्हणाला.

साडेसात. वारा दाराशी खडखडला, आणि सगळे अर्धे उठून पुन्हा बसले. टेबलावरचे बॉल जागच्या जागी होते. वीस वर्षांत ते इतका वेळ कधी स्थिर राहिले नव्हते. ल्याओने बाओचूकडे पाहिलं. तिने छताकडे पाहिलं. आज एकच, ती मनात म्हणाली, लांब कुठेतरी, समुद्रात पडला तरी चालेल...

पावणेआठला चौकीतला शिपाई दारात डोकावला. "रेडिओवर सांगितलं. समोरच्यांनी बंद केलंय. आजपासून. कायमचं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढे काय करायचं, हे कोणाला ठाऊक नव्हतं. फान काका उठून दाराशी गेले आणि काळ्या समुद्राकडे बघत उभे राहिले. "आज गावाने हाक मारली नाही," ते म्हणाले, आणि परत येऊन आपल्या स्टुलावर बसले.

साडेआठला शिपायांची गाडी निघणार होती. ल्याओ टेबलाजवळ गेला. काठी उचलली, ठेवली. गल्ल्याकडे दोन पावलं टाकली. आईने मान वर केली. तो दोन पावलं मागे आला. असं तीनदा झालं. खाली जायला आता काही कारण नव्हतं. शांतता झाली होती आणि तिने त्यांची एकुलती एक जागा काढून घेतली होती. आठ वाजून दहा झाले. बाओचू फळा पुसू लागली. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

आई उठली. मांडीवरची टरफलं झाडली. गल्ल्याशेजारी छत्र्या ठेवायला गोळ्याचं एक रिकामं, कमरेएवढं कवच उभं होतं. ते तिने दोन्ही हातांनी फरशीवर लोटून दिलं. दिव्यावर फुंकर मारली. मग मीठ संपलंय असं सांगावं तशा आवाजात म्हणाली, "गोळा."

पायांना वीस वर्षांची सवय होती. त्यांनी डोक्याला विचारलं नाही. आवाज विरायच्या आत सगळे खाली होते. मांजरसुद्धा.

काळोख. ओली माती. बाओचूच्या डावीकडे कोणाचा तरी श्वास फुललेला.

"सात महिने झाले," ल्याओ म्हणाला. "एक महिना जास्तच. मुरलं असेल... असं वाटतं. झाकण उघडून बघू का?"

इतके दिवस गोळा पडावा म्हणून बाओचू वाट बघत आली होती, आणि आज तो पाडला होता आईने. खाली न उतरणाऱ्या आईने.

"पोरी, उत्तर दे," पलीकडून फान काकांचा आवाज आला. "माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

"उघडा," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "...उघड."

तिच्या हातात मोडका खडू होता. तो त्याने काढून घेतला आणि खडूच्या जागी आपला हात ठेवला. वर आईने दिवा लावला, पण "झालं, या वर" असं म्हणायला तिने नेहमीपेक्षा बराच वेळ लावला.

दोन तारखेला बोट गेली. बंदरावर गावातल्या माणसांना सोडत नसत, म्हणून बाओचूने ती छतावरून पाहिली. बोट लहान झाली, मग ठिपका झाली, मग नुसता समुद्र राहिला. तीन तारखेला सात वाजता दुकानातल्या सगळ्यांनी सवयीने छताकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. मग खेळायला लागले. आता बॉल ढकलल्याशिवाय हलत नव्हता. बाओचू खाली जाऊन थोडा वेळ बसली. डावीकडे कोणी नव्हतं. बंद झालं ते बरंच झालं, हे तिला पटत होतं. पटत असूनही ती डावीकडची जागा हाताने चाचपत राहिली.

वर आली तेव्हा आईने गल्ल्यावर एक कागद ठेवला होता. बेट सोडून जायच्या परवान्याचा अर्ज.

"तू एकटी राहशील," बाओचू म्हणाली.

"मी काय खाली पळणारी बाई आहे का?" आईने एक शेंग फोडली. "जा, बघून ये. रांजण चांगले असतील तर राहा. खारट पाणी असेल तर परत ये."

परवान्याच्या कचेरीतला कारकून चष्मा पुसत अर्ज वाचू लागला. कारण: नातेवाइकांना भेटणे.

"कोण नातेवाईक?"

"होतील."

त्याने मान हलवली. यापेक्षा वाईट कारणं त्याने वाचली होती. "बोट कोणत्या तारखेची हवी?"

"कुठलीही विषम."

"बोटी सम तारखेला सुटतात."

"का?"

कारकुनाने तोंड उघडलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मग त्याने शाईत टाक बुडवला आणि जपून, एखादं खोडकर काम करावं तसं, तारखेच्या रकान्यात लिहिलं: सतरा.