आवरलेलं घर

भांडण झालं ते फाटकाच्या कडीवरून. कडी ती काय, बोटभर लांबीचा लोखंडाचा तुकडा. पण भांडायचंच म्हटलं की तेवढाही पुरतो. बायकोची पाळी सकाळची आणि त्याची दुपारनंतरची. ती कामावरून यायची तेव्हा तो निघायचा, आणि चार वर्षांची लेक फाटकातच एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायची. त्या दिवशी कडी उघडी राहिली आणि लेक रस्त्यावर गेली. दोघं वेड्यासारखे धावले, कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, तर पोरगी मागच्या अंगणातल्या पायरीवर निवांत बसलेली. दोघांचा जीव भांड्यात पडला, आणि पडला तसा लगेच रागही चढला.

"तुझं लक्षच नसतं घरात," बायको म्हणाली.

"आणि तुझं असतं वाटतं?" तो म्हणाला.

शब्दाने शब्द वाढत गेला आणि मग दोघांनी तोंडं बंद केली ती केलीच.

तसा अबोला त्यांच्या घरात नवा नव्हता. आधी बोलेल तो हरला, हा लग्नापासूनचा अलिखित नियम. लेक बोलायला लागल्यापासून तर त्यांना आयता निरोप्याच मिळाला होता. ती सारखी गरगर फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. "भिंगरी, बाबांना सांग, दूध संपलंय." बाबा तिथेच दोन हातांवर उभा. "भिंगरी, आईला सांग, आणतोय म्हणावं." भिंगरी दोन्हीकडे गिरक्या घेत, हसून लोटपोट होत निरोप पोचवायची. मग कुणालातरी हसू फुटायचं आणि गाडी रुळावर यायची. या वेळी मात्र हसू काही फुटेना. दोघंही हट्टाला पेटले होते.

तो विजेचे मीटर तपासायच्या खात्यात होता. काटा हलला तर वीज आहे, नाही हलला तर नाही, इतका सरळ माणूस. कुणी भुताखेताची गोष्ट सांगायला लागलं की म्हणायचा, "आधी फ्यूज बघ." म्हणून एका सकाळी चहाचा कप घेऊन तो मागच्या दारात आला आणि अंगणातलं गवत कापलेलं दिसलं, तेव्हा त्याच्या मनात एकच विचार आला. बायकोने कापलं.

गवत गुडघ्याला लागेल इतकं वाढलं होतं. ते कापणं त्याचं काम, आणि तो आज करतो, उद्या करतो म्हणत टाळत होता. आता सगळं एकसारखं कापलेलं होतं. कुंड्यांच्या कडेचं, नळाच्या चबुतऱ्यामागचं, जिथे कात्री नीट पोचतही नाही तिथलंसुद्धा. कापलेल्याचा ढीग कोपऱ्यात होता आणि त्याचा ओला, हिरवा वास दारापर्यंत येत होता. कामावर जाण्याआधी, अंधारात उठून केलं असणार बाईने! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फाटकात भेटल्यावर बोलावं, असं ठरवून तो फाटकापर्यंत गेलाही. पण ती दुसरीकडे बघत होती. त्याने भिंगरीचा हात तिच्या हातात दिला आणि बस पकडली.

मग हे रोजचंच झालं. दोरीवरचे कपडे घड्या होऊन कपाटात असायचे. भिंगरीची नखं कापलेली, कान स्वच्छ केलेले. तिचा निळा फ्रॉक आखूड झाला होता, त्याची दुमड उसवून कुणी खाली सोडली होती, आणि टाके इतके बारीक की बोट फिरवलं तरी लागू नयेत. घर असं आवरलेलं असायचं की पाहुण्याला लाज वाटावी. तो मनात म्हणायचा, बोलत नाही, पण करतेय बिचारी सगळं. आणि मग, खरं सांगायचं तर, तो सुखावला. भिंगरीला आंघोळ घालायला जावं तर ती म्हणायची, "झाली माझी." केस ओले, भांग सरळ. तो पेपर उघडून बसायचा. अशा किती सकाळी त्याने पेपरात घालवल्या, हे आठवलं की पुढे त्याला पेपर हातात धरवेना.

एका सकाळी मात्र भिंगरी तापली. तो खोलीत गेला तेव्हा तिच्या कपाळावर ओल्या कपड्याची पट्टी होती. बायकोला जाऊन बराच वेळ झाला होता. त्याने पट्टीला हात लावला. ती गार होती, नुकतीच पाण्यातून पिळून काढलेली असावी तशी. कपाळ पोळत होतं आणि पट्टी गार. जाड कापड असेल, त्याने स्वतःची समजूत घातली. दुपारपर्यंत ताप उतरला. फाटकात बायकोला सांगायला हवं होतं. "आईला सांग, सकाळी ताप होता म्हणून," तो भिंगरीच्या कानाशी म्हणाला.

"सांगून झालं," भिंगरी म्हणाली.

"अगं, आई तर आत्ता येतेय समोरून!"

"झालं सांगून, बाबा." ती मोठ्या माणसासारखी म्हणाली. गिरकी नाही, हसू नाही. हल्ली ती फिरतच नव्हती, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. मागच्या पायरीवर कडेला सरकून बसायची, शेजारी कुणाला जागा ठेवल्यासारखी, आणि पाय हलवत राहायची. शहाणी झाली, असं त्याला वाटलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळचं लख्ख ऊन स्वयंपाकघरात आलं होतं. बायको भांडी विसळत होती, भिंगरी मागे अंगणात होती. त्याला वाटलं, बस झालं आता. हरलो तर हरलो.

"गवत छान कापलंस हं," तो म्हणाला.

बायकोचा हात थांबला. नळ वाहतच राहिला.

"चेष्टा करतोस?"

"चेष्टा कसली? खरंच. मला लाजच वाटली."

"मी कुठे कापलं?" ती वळली. "तू कापलंस ना! मला वाटलं, तू पडती बाजू घेतलीस. त्या दिवशीच बोलणार होते मी. फाटकात तू मान खाली घालून उभा होतास, मग म्हटलं, जाऊ दे."

तो हसला. बायको हसली नाही.

"आणि फ्रॉक?" त्याने विचारलं.

"मला साधं बटण लावता येत नाही, तुला माहितीय. शेजारच्या काकूंकडून तूच करून आणलास ना?"

"नखं? आंघोळ? मी तिला आंघोळ घालायला गेलो की आधीच झालेली असते. तू जायच्या आधी घालतेस ना?"

"मी निघते तेव्हा ती झोपलेली असते रे."

त्याने नळ बंद केला.

"आणि ताप होता तेव्हा कपाळावर पट्टी?"

"ताप?" बायकोचा चेहरा उतरला. "कधी ताप होता तिला?"

"एका सकाळी, तू गेल्यावर. दुपारपर्यंत उतरला," तो म्हणाला.

"माझ्या लेकीला ताप होता आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"अबोला होता," तो म्हणाला. हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. इतके दिवस पोरगी त्यांच्या दोघांच्या मध्ये होती, आणि दोघांनीही तिला दुसऱ्याच्या भरवशावर सोडलं होतं. त्या भरवशाच्या जागी कुणीच नव्हतं. किंवा कुणीतरी होतं.

बायको ओट्याला टेकली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "कडी उघडी राहिली त्या दिवशी... आपण दोघंही रस्त्यावर होतो. मग तिला आत कुणी आणलं?"

तेवढ्यात मागे धप्प झालं आणि भिंगरीचं रडणं ऐकू आलं.

दोघं एकदमच दाराकडे धावले. ती नळाच्या चबुतऱ्याजवळ पडली होती. गुडघा फुटला होता, रक्त पोटरीवरून मोज्यात उतरत होतं.

"ये, माझ्या राणी, ये!" बायको पायरीवरच गुडघ्यांवर बसली. तिने हात पसरले. तोही शेजारी वाकला. त्यानेही हात पसरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते दोघं एकमेकांना चिकटून होते.

भिंगरी उठली. तिने रडत रडत दोघांकडे पाहिलं. ओळखीच्या माणसांकडे पाहावं तसं, चांगलं पाहिलं.

मग ती वळली.

दोन्ही हात पुढे करून ती कापलेल्या गवतावरून धावत गेली. समोर काहीच नव्हतं. उघडं अंगण, ऊन, पलीकडे भिंत.

मध्येच ती थांबली, कुणीतरी धरल्यासारखी. तिचे हात कशाच्या तरी भोवती गेले. टाचा उचलल्या गेल्या. तिने गाल टेकवला.

"भिंगरी," बायको म्हणाली, "अगं, आई इथे आहे."

"हळू बोला ना," भिंगरी म्हणाली. तिने मान वळवली नाही.

तिचं रडणं हुंदक्यांवर आलं आणि मग थांबलं. तिच्या पाठीवर फ्रॉक दबत होता आणि सुटत होता, दबत होता आणि सुटत होता, सावकाश, कुणीतरी थोपटत असावं तसा.