नरसिंहाचे पाय

“सोंग नाचताना तोंडाकडं नको बघू, पोरी. पायाकडं बघ.”

रावजीआजोबांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी त्यांचा तो आवाज तृप्तीच्या कानात होता. आज त्यांनीच रंगवलेलं गावच्या बोहाडा उत्सवाच्या रात्रीचं चित्र पेठच्या घरात खाटेवर पसरलं होतं. टेंभ्यांचा उजेड, संबळवाला, मुखवटे चढवलेले देव नि राक्षस, आईच्या मांडीवर पेंगुळलेली पोरं. मधोमध नरसिंह.

बाबांनी सातपूरहून तयार फ्रेम आणली होती. “चित्र वीतभर मोठं आहे. खालून कापू, पायच तर जातील.”

“काप, काप,” गोटीरामआजोबा घाईनं म्हणाले.

तृप्ती चमकली. थोरल्या भावाच्या या चित्रावर आजोबा माशी बसू देत नसत. शिवाय तो नरसिंह म्हणजे गोटीरामआजोबाच की! चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या नाचाचं गावात अजून कौतुक चाले.

तिनं चुलतभावाला, स्वराजला, कोपरानं ढोसलं. स्वराज गुपचूप कात्रीवर बसला.

“कात्री कुठे गेली रे?”

“उंदरानं नेली असेल, काका.”

बाबा शोधायला आत गेले. तृप्ती चित्रावर वाकली. नरसिंहाच्या पोटरीवर इवलासा हिरवा विंचू गोंदलेला होता.

“आजोबांच्या पायावर आहे का रे?” ती कुजबुजली.

“छे. रोज मीच तेल चोळतो.”

अंगणात आजोबांची बहीण साळूआजी लुगडं खोचून पाय धूत होती; तिच्या पोटरीवर काहीतरी हिरवं दिसत होतं. स्वराज कात्री सदऱ्यात लपवून, तांब्या घेऊन धावला आणि डोळे विस्फारून परतला.

“विंचू. नांगीसकट.”

बाबा विळी घेऊन आले, तशी तृप्तीनं चित्रातल्या पायांवर दोन्ही तळवे ठेवले.

“आजोबा, तुमच्या पायावरचा विंचू कुठे गेला?”

आजोबांची नजर दाराकडे गेली. दारात साळूआजी थबकली. “पोरांचं काय ऐकतोस, गोट्या? जाऊ दे.”

“नाय साळू. तुझी शाबासकी मी लय वर्षं खाल्ली.” त्यांनी तृप्तीच्या डोक्यावर हात ठेवला. “रावजीचे डोळे घेतलेस गं पोरी. आणि हा कात्रीचोरही गुणाचा. धनराज, फ्रेमच मोठी आण.”

“पण झालं काय?” बाबांनी विळी खाली ठेवली.

“त्या राती मी हिवतापानं पडलो होतो. सोंग निघालं नसतं तर आपल्या घराचा मान गेला असता. बाईनं मुखवट्याला हातसुद्धा लावायचा नाय, म्हणून तोंड मिटून बसलो.” त्यांनी चित्रातल्या विंचवावर बोट ठेवलं. “चित्रातला नरसिंह मी नाय. ती माझी साळू हाय.”