चरातलं निळं पाणी

पोटात पहारेकरी ठेवायचे दिवस आले होते. सुई नाही, नळी नाही. आंबवलेल्या मोहरीच्या पाल्याचा एक घास खाल्ला की नीलपहारी आतड्यात बिऱ्हाड थाटत. नीलपहारी म्हणजे मुद्दाम घडवलेले जंतू. एरवी ते गुपचूप पडून राहत. पण आतड्यात कर्करोगाची गाठ धरली, अगदी मसुराएवढी जरी, की तिच्यातून झिरपणारं रसायन त्यांना लागे आणि ते निळा रंग सोडत. शौचाला निळं दिसलं की दवाखाना गाठायचा, गाठ काढून घ्यायची आणि खुशाल म्हातारं व्हायचं. इतकं सोपं! पण माणूस इतका सोपा असता तर काय हवं होतं?

टेक्ससच्या किनाऱ्यावर कोळंबी धरणाऱ्या व्हिएतनामी लोकांच्या वस्तीत आरोग्यसेविका लोआन हेच घरोघर सांगत फिरायची. वस्तीतल्या कितीतरी बायकांना तिनं पटवलं होतं. तिच्या स्वतःच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. थोरला भाऊ खोआ, वहिनी दियेम, धाकटी बहीण न्युंग, एकही जण चाचणीला तयार होईना. या भावंडांचे वडील ह्याच रोगानं गेले होते, तेही ऑपरेशननंतर लगेच.

"सुरी लागली आणि पसरला," खोआ म्हणायचा. "झोपलेल्या वाघाला दगड कशाला मारायचा?"

लोआनला रात्रंदिवस तोच घोर. बापाचा रोग लेकरांत उतरतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेवटी वडिलांच्या वर्षश्राद्धाला तिनं पाल्याच्या बरणीत नीलपहारी सोडले आणि कोणाला काही सांगितलं नाही. सगळ्यांनी चवीनं खाल्लं. तिनंही खाल्लं.

थोड्याच दिवसांत घरामागच्या चरातलं पाणी कपड्यांच्या निळीसारखं दिसू लागलं. घरातलं सगळं सांडपाणी एकाच टाकीतून तिथं जायचं. लोआनचं स्वतःचं काही निळं नव्हतं. म्हणजे उरलेल्या तिघांपैकी कोणीतरी! ती तशीच नीलपहारी घडवणाऱ्या डॉक्टर अनघा मिरीकरांकडे गेली.

"न सांगता खायला घातलंत?" सांगलीच्या त्या बाई कडाडल्या. "कुत्र्याला पोळीतून औषध द्यायचंय का, लोआन?"

"विचारलं असतं तर हो म्हणाले असते का?"

"नसते म्हणाले. तो त्यांचा हक्क होता." मग डॉक्टरांचा आवाज उतरला. "घरी जा, खरं सांगा. गाठ अजून लहान आहे, हातात वेळ आहे. पुढं तो राहणार नाही."

लोआननं जेवताना सगळं सांगितलं. खोआनं हातातला वाडगा आपटला. "आम्हाला उंदीर समजलीस काय गं?"

"मारा मला, दादा. पण कोणाचं आहे ते सांगा!"

"माझं नाही," खोआ म्हणाला.

"माझंही नाही," दियेम म्हणाली आणि उठून गेली.

न्युंग रडायलाच लागली. "ताई, माझं काही निळं नाही गं."

आणि मग एके दिवशी चरातलं पाणी स्वच्छ झालं. खोआनं लोआनला हाताला धरून ओढत तिथं नेलं. "बघ! गेलं ना आपलं आपण? म्हणे डॉक्टरीण!"

लोआनचा जीव भांड्यात पडला. धावत जाऊन तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"गाठ आपली आपण जात नाही," त्या म्हणाल्या. "जंतू मेलेत. कोणीतरी अँटिबायोटिक घेतलंय. चोर घरातच आहे, पहारेकरी तेवढा मारला."

स्वयंपाकघरातल्या बिस्किटांच्या डब्यात व्हिएतनामहून, सायगॉनच्या नातेवाइकांनी पाठवलेली औषधं असायची. ताप आला, दाढ दुखली, की ज्यानं त्यानं काढून घ्यायची. कोणी कोणाला विचारत नसे. लोआननं डबा उघडला. अँटिबायोटिकचं पाकीट रिकामं होतं. ते कोणी संपवलं हे त्यावरून काय कळणार, कपाळ?

"जंतू पुन्हा द्याल?" तिनं डॉक्टरांना पुन्हा फोन करून विचारलं.

"देईन. पण तुमच्या हातचं आता खाईल कोण?"

खरंच होतं. सगळं सांगितलं त्या दिवसापासून लोआननं शिजवलेल्याला घरात कोणी हात लावत नव्हतं. संध्याकाळी दियेमनं भात आणि मासा वाढला. लोआन समोर बसून एकेकाच्या वाडग्याकडे बघत होती. गाठ वाढून ज्याची भूक आधी मरेल त्याचंच नाव, एवढंच आता तिला कळू शकणार होतं. आणि ते कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

"टक लावून काय बघतेस?" खोआ खेकसला. "जेव."

त्यानं पुन्हा भात घेतला. दियेमनंही घेतला. न्युंगनं वाडगा पुढं केला. तिघंही रोजच्यापेक्षा जास्त जेवत होते.