दहा पेरांचे मौन

"नको!"

चेन्नईतील एग्मोरच्या त्या रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावर हा शब्द उमटला आणि कीर्तनाची पावले जागीच थबकली.

भोवती सकाळची वर्दळ होती. परिचारिकांच्या हाका, औषधांच्या गाड्यांची खडखड, आणि या साऱ्यावर पसरलेली तमिळ भाषेची अखंड लय. तिच्यात हा घरातला शब्द कोठून आला? तीनशे वर्षांपूर्वी तंजावरास आलेल्या पूर्वजांची मराठी कीर्तनाच्या तिरुवल्लिकेणीच्या घरी अद्याप नांदत होती. परंतु उंबरा ओलांडला की ती सहसा कानी पडत नसे.

तिने वळून पाहिले. चाकांच्या खुर्चीत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. उजवा हात निर्जीवपणे मांडीवर, मुद्रा मात्र तेजस्वी. त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसलेला एक तरुण हाती कॉफीचा पेला घेऊन विनवीत होता.

"बाबा, अर्धा घोट तरी..."

"नको!" वृद्ध गरजले. तरुणाने खिन्न होऊन पेला मागे घेतला. त्या पेल्यामागे वृद्धाचा डावा हात आशेने पुढे झाला, आणि रिकामाच परतला.

"द्या की हो त्यांना ती कॉफी!" कीर्तनाला राहवले नाही. "हात काय म्हणतो तें पाहा. तोंडाचें काय ऐकत बसलांत?"

तरुण चपापून उठला. त्याने पेला पुढे केला. वृद्धाने तो डाव्या हाताने ओढून घेतला आणि डोळे मिटून, तृप्तपणे, एका दमात रिता केला.

"तीन आठवडे..." तरुणाचा स्वर अपराधी झाला होता. "तीन आठवडे ते 'नको' म्हणतात आणि मी कॉफी परत नेतो." मग एकाएकी काही उमगून तो म्हणाला, "तुम्ही... मराठी?"

"होय की. जरा जुनी आहे. तीनशे वर्षांची."

"अजून चालते?"

"वॉरंटी संपली. मोडली नाहीं."

तो हसला. मेघाच्छादित दिवशी समुद्रावर क्षणमात्र ऊन पडावे, तसे ते हसू होते. कीर्तनाने उगीचच हातातील कागद सारखे केले.

त्याचे नाव दर्शन आष्टेकर. वडील गजेंद्रराव पस्तीस वर्षे रेल्वेच्या सिग्नल विभागात होते. नोकरीच्या निमित्ताने साताऱ्याहून चेन्नईस आले आणि येथेच रमले. त्यांची तमिळ अशी अस्खलित की भाजीवाल्या त्यांना आपल्याच गावचे समजत. परंतु मेंदूतील एका रक्तवाहिनीने दगा दिला, आणि तमिळ गेली, इंग्रजी गेली, मराठीही गेली. उरला तो केवळ एक शब्द. आनंद झाला तरी "नको", भूक लागली तरी "नको". कीर्तना वाचोपचार करीत असे. हरपलेली वाणी परत मिळविण्यास साहाय्य करणे, हाच तिचा व्यवसाय होता. मराठी जाणणारी उपचारक त्या रुग्णालयात दुसरी नव्हती. त्याच दिवशी गजेंद्रराव तिचे रुग्ण झाले.

* * *

गजेंद्रराव घरी परतल्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी सायंकाळी ती अण्णा नगरातील त्यांच्या घरी जाऊ लागली. जाताना एक चित्रवही नेई. प्रत्येक रुग्णासाठी ती अशी वही स्वहस्ते सिद्ध करीत असे: त्याच्या घरातील वस्तू, त्याची माणसे, आणि अखेरच्या पानावर त्याचे स्वतःचे छायाचित्र. त्या पानावर रुग्णाने आपण कोण ते सांगावयाचे असे. ते साधले, की वही पुरी झाली.

आणि तिचा एक नियम होता.

"विचारायचें. मग बोटांच्या पेरांवर दहापर्यंत मोजायचें, मनांत," तिने दर्शनाला पहिल्याच दिवशी बजावले. "शब्द आपण द्यायचा नाहीं. त्यांच्या तोंडचा घांस काढून घेऊं नका."

"आणि दहापर्यंत आला नाही तर?"

"तर पुन्हा दहा."

"फार धीर लागतो हो तुमच्या धंद्याला."

"तुम्हांस किती आहे?"

"मोजून सांगतो," दर्शन म्हणाला, आणि तिच्याकडे पाहत खरोखरच पेरे मोजू लागला. "एक... दोन... तीन..."

"मामांकडे पाहा!" कीर्तनाने गजेंद्ररावांकडे बोट दाखवून दटावले; पण तिच्या कानांच्या पाळ्या आरक्त झाल्या होत्या. गजेंद्ररावांनी चित्रवहीवरून दृष्टी उचलून दोघांकडे पाहिले व मोठ्या समाधानाने म्हटले, "नको!"

कार्तिकाच्या पावसाने रस्ते भरले, तिची बस अडू लागली, आणि दर्शन छत्री घेऊन थांब्यापर्यंत येऊ लागला. छत्री एकच, त्याचा डावा खांदा नित्य भिजलेला. तिने ते पाहिले होते... आणि पाहिल्याचे दर्शविले नव्हते.

हळूहळू गजेंद्ररावांच्या मुखी शब्द येऊ लागले. पण काय नवल! ते शब्द साताऱ्याचे नव्हते. एके सायंकाळी त्यांनी उप्पिटाचा घास घेतला आणि मान डोलावून म्हणाले, "बेस... पा!"

दर्शन थक्क झाला. "हे 'पा' कुठून आलं?"

"आमच्या घरून," कीर्तना ओशाळून म्हणाली. "आम्ही तमिळांसारखें असेंच बोलतों. शिकवणारणीची खोड लागली हो त्यांना."

"आत्याला फोन केला तर ती म्हणेल, दादा मद्राशी झाला!"

"झाले तर झाले. मुके तर नाहींत ना?"

दर्शनाचे हसू मावळले. "नाहीत," तो हळूच म्हणाला. "तुमच्यामुळे नाहीत."

* * *

मार्गशीर्षातील एका मंगळवारी त्याने ते सांगितले. रेल्वेचे डबे रेखाटणाऱ्या जर्मनीतील एका कंपनीने त्याला बोलावले होते. ज्या कामाचे त्याने विद्यार्थिदशेपासून स्वप्न पाहिले, तेच काम. तेथील भाषेचे दोन वर्ग तो पूर्वीच उत्तीर्ण झाला होता. बँकेत असलेली धाकटी बहीण रुचिरा बदली घेऊन चेन्नईस येण्यास आनंदाने तयार होती. उत्तर द्यावयास सात दिवस उरले होते.

"मग?" कीर्तनाने विचारले. स्वतःचाच स्वर तिला परका वाटला.

"बाबांना सहा वेळा विचारलं, जाऊ का? सहाही वेळा म्हणाले, 'नको'." त्याने खांदे उडविले. "एरवीचं 'नको' मी ओळखायला शिकलोय. पण हे निराळं होतं हो. डोळे भरून आले होते त्यांचे. नकार लिहून ठेवलाय. सोमवारी पाठवीन."

एक क्षण, केवळ एकच क्षण, कीर्तनाच्या अंतःकरणात दीपमाळ उजळली. तो जाणार नाही!

आणि दुसऱ्याच क्षणी तिला कळून चुकले. ज्याला इतर शब्द लाभत आहेत, पण भावनेच्या भरात वाणी पुन्हा त्या एकाच शब्दापाशी धावते, त्या माणसाने आणखी काय म्हणावे? भरल्या डोळ्यांनी "जा" म्हणावयाचे असले, तरी मुखातून "नको"च येईल. हे दर्शनाला ठाऊक नव्हते. तिला होते.

"येतें," एवढेच बोलून ती निघाली. त्या सायंकाळी तिने छत्रीसाठी वाट पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील व्यासराज अंगणात पूजेसाठी तुळशीपत्रे खुडीत होते. कीर्तना पायरीवर येऊन बसली.

"अप्पा, कोणी एकाच्या शब्दाचा दुसरा कोणी चुकीचा अर्थ लावीत असेल, आणि त्या चुकीनें आपलें भलें होत असेल, तर?"

"तर आपण उगें राहावें, असें मी म्हणावें म्हणून आलीस?" व्यासराजांनी पत्र खुडणे थांबविले नाही. "कोण तो? कॉफी परत नेणारा?"

"अप्पा!"

"आठ दिवसांत अकरा वेळा ती कथा सांगितलीस, बाळ. मला पाठ झाली." त्यांनी लेकीकडे वळून पाहिले. "काल रात्रीं जर्मनीचा नकाशा उघडून बसली होतीस. तो परदेशीं जाईल, हेंच भय ना? अगो, आपले पूर्वज इकडे आले, तेव्हां बायकांस कोठें तमिळ येत होती? शिकल्याच की."

"त्या बायकांना कोणी विचारलें होतें का, अप्पा? येतां का म्हणून?"

व्यासराजांच्या हातातील पत्र हातातच राहिले.

"नाहीं," ते अखेर म्हणाले. "कोणी विचारलें नसेल. म्हणून तुला कोणी विचारलें, तर नीट विचार करून सांग. पण त्या म्हाताऱ्याचा शब्द आधीं त्याचा त्याला परत दे. तें तुझें काम."

* * *

शुक्रवारी तिने गजेंद्ररावांसमोर दोन चित्रे ठेवली. एकात घर होते, दुसऱ्यात प्रवासाची पेटी.

"मामा, तोंडानें नका सांगूं. हातानें सांगा. दर्शननें काय करावें?"

कीर्तनाचा अंगठा पेरांवरून फिरू लागला. एक. दोन. तीन. गजेंद्ररावांचे डोळे पुन्हा पाणावले. "नको..." ते पुटपुटले, "नको... नको..." आणि त्यांच्या डाव्या हाताने घराचे चित्र सावकाश दूर सारले. मग पेटीचे चित्र उचलून मुलाच्या मांडीवर ठेवले.

"जा," ते म्हणाले. आणि हसले. "जा... पा!"

दर्शनाने वडिलांच्या गुडघ्यांवर मस्तक टेकले. कीर्तना हलकेच उठून बाहेर गेली. मग तो बाहेर सज्जात आला. कीर्तना तेथे कठड्याला टेकून उभी होती. समुद्रावरून आलेला वारा तिच्या वेणीतील मोगरा हलवीत होता.

"तुम्हाला हे कधी समजलं?"

"मंगळवारीं. तुम्ही सांगितलेंत त्याच क्षणीं."

"मग त्याच क्षणी का नाही बोललात?"

"तीन दिवस स्वार्थी झालें होतें."

"कसला स्वार्थ?"

कीर्तनाने नजर वळविली. त्याने हात उचलला आणि अंगठा पहिल्या पेरावर ठेवला. दुसऱ्या... तिसऱ्या...

"मोजूं नका!"

"नियम तुमचाच आहे. चार... पाच..."

"तुम्ही जाऊं नये, हा!" ती एका श्वासात म्हणाली, आणि पदराने तोंड झाकून घेतले. "हा स्वार्थ. झालें समाधान?"

"नाही झालं," दर्शन म्हणाला. "माझ्याबरोबर याल?"

विचारले होते. कोणीतरी विचारले होते. तीन शतकांनंतर का होईना.

तिने तोंडावरचा पदर खाली घेतला. "दर्शन, इथें मी माणसांना वाचा परत देतें. तिथें मलाच पाणी मागतां येणार नाहीं. माझें अवघें काम शब्दांचें. शब्द गेले, तर मी कोण? मामांसारखी एका शब्दावर दिवस काढूं? प्रत्येक शब्दाला तुमचें तोंड पाहात?"

त्याला उत्तर सुचले असते. 'मी आहे ना' असे म्हणणे फार सोपे होते. तो म्हणाला नाही. त्याबद्दल कीर्तनाने त्याला पुढे अनेकदा मनोमन वंदन केले.

* * *

फाल्गुनात त्याच्या जाण्याचा आदला दिवस उजाडला. रुचिरा येऊन दाखल झाली होती. स्वयंपाकघरात कॉफी गाळली जात होती. सायंकाळी कीर्तना आली, पिशवी गजेंद्ररावांच्या शेजारी ठेवली आणि रुचिराला पथ्याचे काही सांगण्यास आत गेली. परतली तेव्हा गजेंद्ररावांनी नित्याप्रमाणे आपली वही स्वतःच काढून घेतली होती. परंतु हाती लागली होती ती निराळीच वही.

"ती नव्हे, मामा..."

उशीर झाला होता. दर्शन ती त्यांच्या हातून घेऊन पाने उलटीत होता. तशीच चित्रे: पेला, खुर्ची, छत्री, पाऊस. प्रत्येक चित्राखाली तिच्या रेखीव अक्षरांत जर्मन शब्द. काही खोडलेले, काही तीन-तीनदा लिहिलेले. छत्रीच्या चित्राखाली तर पाच वेळा.

"कधीपासून?" त्याने विचारले.

"ज्या शुक्रवारीं विचारलेंत, त्यानंतरच्या शनिवारपासून." ती जमिनीकडे पाहत होती. "वचन म्हणून नव्हे हो. पाहत होतें... जमतें का तें."

त्याने अखेरचे पान उघडले. तेथे कीर्तनाचे छायाचित्र चिकटविलेले होते. त्याखाली मात्र काही नव्हते. आपण कोण, हे त्या भाषेत सांगणारा शब्द तिला अद्याप लिहवला नव्हता.

तिच्या व्यवसायाचे तेथील नाव दर्शनाला ठाऊक होते. त्याने पेन्सिल उचलली, टोक कागदाजवळ नेले... आणि पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली.

"हे पान मी भरणार नाही, कीर्तना," तो म्हणाला. त्याच्या तोंडी आज प्रथमच 'तुम्ही' उरले नव्हते. "ते तुझं आहे. मी तिथं थांबेन. दहा म्हणालीस तर दहा. पुन्हा दहा म्हणालीस तर पुन्हा दहा. यायचं की नाही, ते मात्र तू सांग. मी शब्द देणार नाही."

कीर्तनाने ओठ उघडले. शब्द आला नाही. इतरांना ती जो धीर देत असे, तो आज तिला स्वतःला हवा होता. डोळे भरले, पापण्या जड झाल्या. दर्शन उभा होता, निश्चल. खुर्चीत गजेंद्ररावांनी डावा हात वर केला. त्यांचा अंगठा पहिल्या पेरावर स्थिरावला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आतून रुचिरा कॉफीचे पेले घेऊन आली आणि दारातच थांबली. चार. पाच. सहा.

सातव्या पेरावर ती म्हणाली,

"येईन."

मग डोळे पुसून, वही छातीशी धरून, "पण हें पान भरून येईन. वर्ष लागो, दोन लागोत. मुकी होऊन येणार नाहीं."

"भांडायला येशील?" दर्शनाने विचारले. त्याला हसू आणि अश्रू एकदमच आवरेनात.

"त्यांच्या भाषेंत!"

गजेंद्ररावांचा अंगठा मात्र थांबला नव्हता. आठ, नऊ, दहा. नियम तो नियम. मोजणे पुरे झाल्यावर त्यांनी समाधानाने मान हलविली आणि कॉफीच्या पेल्याकडे हात पुढे केला.

"नको!" ते म्हणाले.

रुचिराने पेला तत्काळ त्यांच्या हाती दिला.